शिबिरातल्या पॅप स्मिअरचा रिपोर्ट 'एचएसआयएल' आलाय. पुढे काय करायचं?

तितूरकाठ

नमस्कार मंडळी. मी नाशिकला असते, माहेर चाळीसगाव तालुक्यातलं. विषय नाजूक आहे, पण इथे जाणत्या बायका बऱ्याच आहेत म्हणून धागा काढतेय.

माझ्या वहिनीचं वय ३८, दोन मुलं. गणपतीच्या आधी शेजारच्या गावात शिबिर झालं. बीपी, शुगर आणि 'पिशवीच्या तोंडाची तपासणी'. आशाताई आग्रहाने घेऊन गेल्या म्हणून ती गेली. दिवाळीला मी माहेरी आले तेव्हा रेशनकार्डाच्या पिशवीत तिचा रिपोर्ट सापडला. आशाताईंनी तो भावाच्या हातात दिला होता. त्याने त्यात 'कॅन्सर' हा शब्द शोधला, तो कुठे नव्हता, म्हणून कागद ठेवून दिला. लिहिलंय असं: हाय ग्रेड स्क्वॅमस इंट्राएपिथेलियल लिजन. खाली बारीक अक्षरात 'कोल्पोस्कोपी ॲडव्हाइज्ड'.

तालुक्याच्या एका डॉक्टरांना दाखवला. त्यांनी वहिनीला आतून तपासलंसुद्धा नाही. कागद बघून म्हणाले, दोन मुलं झालीत, चाळिशी आली, पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल. तारीखही देऊन टाकली. माय म्हणते, "तिले काई दुखस नई, खुपस नई, मंग दवाखानाम्हा कसाले जावानं?" भावाचं म्हणणं, कापूस वेचून होऊ दे, मग बघू. मजूर मिळत नाहीत हेही खोटं नाही. वहिनी स्वतः काहीच बोलत नाही.

हा कॅन्सर आहे का? पिशवी काढणं बरोबर आहे का? आणि वेचणी संपेपर्यंत थांबलं तर चालेल का? धुळे जवळ पडेल की थेट नाशिकला घेऊन येऊ?

भुसावळ_जंक्शन

ताई, पिशवी काढायची तारीख आधी रद्द करा, बाकीचं नंतर. आमच्या गल्लीत पस्तिशीतल्या किती बायकांच्या पिशव्या गेल्यात मोजायला नको. पांढरं जातंय, काढा पिशवी. कंबर दुखतेय, काढा पिशवी.

सातपुड्याची_लेक या डॉक्टर आहेत, त्यांना हाक मारते.

पांढरं_सोनं

मी स्पष्टच बोलतो, राग मानू नका. फुकटची शिबिरं म्हणजे गिऱ्हाईक गोळा करायचा धंदा. धडधाकट बाई घरातून जाते आणि पेशंट होऊन परत येते. आमच्या आजीने नऊ बाळंतपणं केली, कधी कोणी आत बॅटरी मारून पाहिलं नाही.

भुसावळ_जंक्शन

जिभाऊ, आजीच्या बरोबरीच्या किती जणी 'अंगावरून जाऊन जाऊन' गेल्या ते कोणी लिहून ठेवलं नाही, एवढाच फरक.

सातपुड्याची_लेक

ड्युटीवर होते, आत्ता सविस्तर लिहिते. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सरकारी नोकरीत. तपासल्याशिवाय निदान करत नाही, पण हा कागद काय सांगतो ते सांगू शकते.

एचएसआयएल म्हणजे कॅन्सर नव्हे. गर्भाशयाच्या मुखावरून ब्रशने ज्या पेशी घेतल्या, त्यात कॅन्सरच्या आधीचे, वरच्या दर्जाचे बदल दिसले. अशा बायकांची बायोप्सी, म्हणजे मुखाचा छोटा तुकडा काढून तपासणी, केली की बहुतेकींत सीआयएन २ किंवा ३, म्हणजे कॅन्सरच्या आधीच्या बदलांची वरची पायरी, निघते. थोड्या जणींत मात्र कॅन्सर सुरू झालेला सापडतो. वहिनी कोणत्या गटात आहे ते स्मिअरवरून कळत नाही. स्मिअर म्हणजे सुट्या पेशी. खरं उत्तर तुकड्यात असतं, आणि तुकडा कुठून घ्यायचा ते कोल्पोस्कोपीने, म्हणजे मुख दुर्बिणीतून बघून, ठरतं.

म्हणून पुढची पायरी कोल्पोस्कोपी आणि बायोप्सी. स्मिअर पुन्हा करायचा नाही. दुसऱ्या लॅबमध्ये केलेला स्मिअर नॉर्मल आला म्हणून सुटका मानायची, असं या निकालात चालत नाही. आणि सोनोग्राफी. बायका सोनोग्राफीचा कागद घेऊन येतात, 'पिशवी नॉर्मल आहे' म्हणतात. सोनोग्राफीत हे बदल दिसतच नाहीत.

पिशवी काढण्याबद्दल. बायोप्सी न करता पिशवी काढली आणि नंतर तपासणीत आत कॅन्सर निघाला, तर ते साधं ऑपरेशन त्या बाईला पुरत नाही. कॅन्सर असेल तर ऑपरेशन वेगळं आणि मोठं असतं, किंवा मग शेक (रेडिएशन) आणि केमो. अर्धवट झालेल्या ऑपरेशननंतर ते सगळं अवघड होऊन बसतं. उलट कॅन्सर नसेल, तर जे काम मुखाचा छोटा तुकडा काढून झालं असतं त्यासाठी आख्खी पिशवी गेली. दोन्हीकडून तोटाच. शिवाय सीआयएन ३ साठी पिशवी काढली तरी पुढची कित्येक वर्षं योनीमार्गाची तपासणी सुटत नाही. 'कटकट मिटेल' हे खरं नाही.

वेचणीचं. हे बदल एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतात. तो शिरल्यापासून कॅन्सर व्हायला साधारणपणे १५ ते २० वर्षं लागतात, त्यामुळे आज रात्री गाडी करून पळायची गरज नाही. पण वहिनी त्या वाटेवर कुठवर आली आहे हे आपल्याला माहीत नाही. रिपोर्ट येऊन आधीच काही आठवडे गेलेत. वेचणी शेवटपर्यंत म्हणजे संक्रांत उजाडेल. इतकं थांबू नका.

तितूरकाठ

डॉक्टर, खूप आभार. भावाला हे वाचून दाखवलं. पिशवीची तारीख रद्द केली. आता कुठे जायचं?

सातपुड्याची_लेक

धुळ्याचं हिरे मेडिकल कॉलेज तुम्हाला जवळ. चाळीसगाव-धुळे गाडी आहेच. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग विभागात कोल्पोस्कोपी साधारणपणे ठरलेल्या वारी असते, म्हणून आधी वार विचारून मगच निघा. नाहीतर केसपेपर काढण्यात दिवस जातो आणि 'गुरुवारी या' ऐकून बाई घरी परतते. ती पुन्हा येत नाही, हा माझा अनुभव. पाळीचे दिवस टाळा. आदल्या दोन दिवसांत आत कुठलंही औषध, गोळी ठेवू नये, संबंधही नकोत. पाळी चुकलेली असेल तर तसं सांगा. स्मिअरचा मूळ रिपोर्ट न्या. रेशनकार्ड आणि आधारही, कारण पुढे काही निघालंच तर कॅन्सरचे उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात.

आणि एचआयव्हीची तपासणी सांगितली तर घाबरू नका, नाहीही म्हणू नका. एचआयव्ही असेल तर हे बदल लवकर वाढतात, म्हणून ती बघावी लागते.

केळीबाग_रावेर

डॉक्टर ताईंचं पटलं. केळीच्या पानावर करपा दिसला तर आम्ही तेवढं पान कापतो, कोणी खोड उपटत नाही.

मला एक विचारायचं होतं. माझी आई ६१ वर्षांची. पाळी जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. मध्यंतरी दोनदा कपड्याला डाग लागला म्हणाली, मग बंद झालं. फैजपूरला पुढच्या महिन्यात शिबिर आहे असं कळलं, तिथे दाखवू का?

सातपुड्याची_लेक

शिबिराची वाट बघू नका. शिबिर हे ज्यांना काहीही त्रास नाही अशांसाठी असतं. पाळी गेल्यावर रक्ताचा एक थेंब दिसला तरी ते लक्षण आहे, त्याला थेट तपासणी लागते, मुखाची आणि पिशवीच्या अस्तराचीही. आपोआप थांबलं म्हणून विषय संपत नाही. संबंधांनंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं, वास मारणारं पाणी जाणं, याही तशाच गोष्टी. अशा वेळी जुना रिपोर्ट नॉर्मल असला तरी तो बाजूला ठेवायचा. याच आठवड्यात दाखवा.

रिटायर्ड_सिस्टर

धागा आज पाहिला. मी शहादा-तळोदा पट्ट्यात एएनएम होते, आता घरी नातवंडं सांभाळते. चाळीसगावच्या ताईंच्या घरी झालं ते मला नवीन नाही. तपासणी सोपी असते. नंतरचं अवघड.

आमच्याकडे पॅप नव्हता, व्हाया होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. टेबल, मागून पडदा, एक चांगला दिवा. ५ टक्के ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच्याच जातीचं. कापसाचा बोळा त्यात बुडवून मुखाला लावायचा आणि घड्याळात पुरतं एक मिनिट थांबायचं. घाई करणाऱ्या पोरींना मी ओरडायचे, कारण पांढरेपणा हळूहळू चढतो. मिनिट झालं की बघायचं. बदललेली जागा चुन्यासारखी पांढरी पडते, तिला धार असते. नुसती फिकट दिसली तर ती धरायची नाही. सरकारी नियम ३० ते ६५ वयाच्या बाईची पाच वर्षांतून एकदा तपासणी. पण पाळी गेलेल्या बाईत ती जागा आत सरकते, दिसत नाही. तिथे व्हायावर विसंबू नये, पुढे पाठवावं.

निकाल तिथल्या तिथे कळतो हा व्हायाचा मोठा गुण. रिपोर्टची वाट नाही, नवऱ्याच्या खिशात कागद नाही.

पण पुढे? रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना असायचा, संदर्भसेवेनंतर काय झालं. तो रकाना कोरा. वरून फोन यायचा तो 'किती तपासल्या' एवढंच विचारायला. त्यातल्या किती पोचल्या, हे कोणी विचारलेलं मला आठवत नाही. मोबाईल नंबर बाईचा नसायचाच. नवऱ्याचा, दिराचा, किराणा दुकानदाराचा. दिराला फोन करून काय सांगणार, तुझ्या भावजयीच्या पिशवीच्या तोंडाला पांढरा डाग आहे? आणि दिवाळी झाली की निम्मं गाव गुजरातकडे ऊसतोडीला. सुरत, बारडोलीकडच्या फडावर गेलेली बाई होळीशिवाय परत येत नाही.

मग मी माझी पद्धत केली. डाग दिसला की टेबलावरून उतरायच्या आतच विचारायचं, तू गावात कधीपर्यंत आहेस? जाणार असेल तर जायच्या आधीची तारीख, नाहीतर होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यातली. त्या आठवड्यात सातपुड्यातलं माणूस कुठेही असो, घरी येतंच. आणि दोघी-तिघींना एकाच दिवशी पाठवायचं. एकटी बाई जिल्ह्याला जात नाही, पण तिघी मिळून जातात, आणि येताना बाजारही करतात. नवऱ्यांना वाटतं बाजारालाच गेल्या. वाटू दे.

खाली खान्देशात आखाजीचे, म्हणजे अक्षय तृतीयेचे, दिवस चांगले. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, सासूची परवानगी काढावी लागत नाही. आई आणि लेक दोघी एकदम येतात.

पांढरं_सोनं

सिस्टर, तुमचं वाचून बरं वाटलं. पण माझा प्रश्न कायम आहे. एवढा खटाटोप करून माणसं वाचतात याला पुरावा काय? की नुसतं परदेशातलं ऐकून?

सातपुड्याची_लेक

परदेशातलं कशाला, आपल्याच राज्यातलं सांगते. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा त्यात होते. गावांचे गट पाडले. एका गटात एचपीव्ही चाचणी, एकात पॅप, एकात व्हाया, एकात नेहमीची सेवा. निकाल २००९ साली छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात पुढच्या टप्प्याचे कॅन्सर आणि मृत्यू साधारण निम्म्यावर आले. तिथल्या बायका काही वेगळ्या नव्हत्या, ज्वारी काढणाऱ्या, भाकरी थापणाऱ्याच.

तुमच्या बाजूचंही सांगते. त्याच अभ्यासात एकदाच केलेल्या पॅपने किंवा व्हायाने मृत्यू म्हणावे तसे कमी झाले नाहीत. मुंबईच्या वस्त्यांत मात्र व्हाया ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा केलं, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे एकदा शिबिर घेऊन फोटो काढून निघून जाणाऱ्यांवर तुमचा राग असेल तर माझाही आहे.

आणि गिऱ्हाईक गोळा करण्याचं म्हणाल, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी आयुष्यात कधी तरी झालेल्या १.९ टक्के निघाल्या. शंभरात दोन भरत नाहीत. धंदा असेल तर फारच मंदा चाललाय.

कानबाईची_भक्त

वेगळ्या नावाने लिहितेय. माझी एचपीव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली. नवऱ्याने मोबाईलवर वाचलं की हा संबंधांतून होतो. तेव्हापासून घरात बोलणं बंद आहे. सासूपर्यंत गेलं. आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली. मी काय सांगू त्यांना?

सातपुड्याची_लेक

ताई, त्यांना हे वाचायला द्या. एचपीव्ही हा इतका सर्रास आढळणारा विषाणू आहे की संबंध सुरू झालेल्या बहुतेक सगळ्या स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी लागतो. बहुतेकांत साधारण दोन वर्षांत शरीरच तो घालवतं, कळतही नाही. काहींच्यात तो वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि नंतर चाचणीत दिसतो. कधी लागला आणि कोणाकडून आला, हे जगातली कुठलीही चाचणी सांगू शकत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी आलेला आज दिसू शकतो. पुरुषाला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून या रिपोर्टवरून नवऱ्यावरही बोट ठेवता येत नाही आणि तुमच्यावर तर नाहीच. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सरही नव्हे. पुढची तपासणी करून घ्या. १६ किंवा १८ प्रकार लिहिला असेल तर थेट कोल्पोस्कोपी, कारण दहातले सात कॅन्सर या दोघांमुळे होतात. भांडण नंतर मिटवता येईल, तारीख चुकवू नका.

रिटायर्ड_सिस्टर

नवऱ्याला डॉक्टरांसमोर नेऊन बसव, बाई. पांढऱ्या कोटातल्या माणसाने सांगितलं की यांचं डोकं ठिकाणावर येतं. आपण सांगितलं तर येत नाही.

मेहरूणची_बोरं

मी जळगावची. माझं सीआयएन ३ होतं, लीप झाली, आता ठीक आहे. तितूरकाठ ताईंच्या वहिनीला सांगायला म्हणून लिहिते, कारण मला कोणी काही सांगितलं नव्हतं आणि भीती त्याचीच वाटली.

कोल्पोस्कोपीला दुर्बीण म्हणतात म्हणून मला वाटलं नळी आत घालणार. तसं नाही. दुर्बीण बाहेर स्टँडवर असते. आत फक्त तो चिमट्यासारखा स्पेक्युलम, पॅपला घालतात तोच. आधी पाणी लावतात, मग ते व्हिनेगर, ते थोडं झोंबतं. मग आयोडीन. चांगली जागा गडद तपकिरी होते आणि खराब जागा पिवळट राहते. माझ्या डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवून दाखवलं. तुकडा घेताना "खोका" म्हणाल्या, खोकले, तेवढ्यात झालं. चिमटा काढल्यासारखं वाटतं. नंतर पोटात पाळीसारखी कळ आणि एक-दोन दिवस डाग. घरून पॅड न्या. तिथे ऐन वेळी मिळत नाही आणि परतीची बस असते.

एक महत्त्वाचं. तुकडे घातलेली बाटली बऱ्याच ठिकाणी नातेवाइकाच्या हातात देतात, लॅबला नेऊन द्या म्हणून. बाटलीवर नाव, वय, तारीख आहे ना ते स्वतः वाचा. माझ्या आधीच्या बाईच्या बाटलीवर नुसतं 'सुनीता' लिहिलं होतं. त्या दिवशी ओपीडीत सुनीता किती असतील देव जाणे.

लीप म्हणजे मुखाला सुन्न करायचं इंजेक्शन, मग विजेच्या बारीक तारेच्या कडीने तेवढा भाग कापून काढतात. जळका वास येतो आणि धूर ओढणाऱ्या मशिनचा आवाज, त्यालाच मी जास्त दचकले. त्याच दिवशी घरी. नंतर बरेच दिवस पाण्यासारखं, तपकिरी जात राहिलं. महिनाभर संबंध नाहीत, जड उचलायचं नाही. पॅड भिजून चिंब होत असेल किंवा ताप आला तर लगेच दवाखान्यात, हे लिहून दिलं होतं.

भुसावळ_जंक्शन

मुलगी बारा वर्षांची आहे. तिला एचपीव्हीची लस द्यावी का? आणि मी बेचाळिशीची, मला उपयोग आहे का?

सातपुड्याची_लेक

मुलीला जरूर द्या. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, १५ पासून तीन. पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक २०२३ पासून बाजारात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर या वयात एक डोसही चालेल असं म्हटलंय, पण तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोला. तुम्हाला लसीपेक्षा तपासणीचा उपयोग जास्त. आधीच लागलेला विषाणू किंवा झालेले बदल लस बरे करत नाही. आणि लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी आहेच.

चोपडा_नाका

माझ्या बहिणीच्या रिपोर्टमध्ये 'एएससी-यूएस' आहे. तिलाही हे सगळं करावं लागेल का? रात्रभर झोपली नाही.

सातपुड्याची_लेक

झोपू द्या तिला. ते सगळ्यात सौम्य खातं, पेशी थोड्या वेगळ्या दिसल्या एवढंच. एचपीव्ही चाचणी करा. निगेटिव्ह आली तर नुसती पुढची नियमित तपासणी. ती सोय नसेल तर वर्षाने स्मिअर पुन्हा. एचपीव्ही पॉझिटिव्ह निघाला किंवा तो स्मिअर पुन्हा बिघडलेला आला तरच कोल्पोस्कोपी. बायोप्सीत सीआयएन १ आलं तरी बहुतेक वेळा आपोआप जातं, त्याला कापाकापी नको, लक्ष ठेवायचं. जेवढी हयगय एचएसआयएलला वाईट, तेवढीच घाई इथे वाईट.

आतून तपासून घ्यायला अजिबात तयार नसलेल्या बायकांसाठी एक. एचपीव्ही चाचणीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते, आडोशाला जाऊन, लांब काडीच्या बोळ्याने. आपल्याकडे अजून सगळीकडे मिळत नाही, पण चौकशी करायला हरकत नाही.

तितूरकाठ

मंडळी, खबर. धुळ्याला कोल्पोस्कोपी झाली. वार विचारून गेलो होतो, त्यामुळे एकाच दिवसात काम झालं. बाटलीवर पूर्ण नाव मी स्वतः लिहून घेतलं (मेहरूणच्या ताई, तुमची आठवण काढली). माय बरोबर आली होती. वहिनीने स्क्रीनवर बघितलं आणि बाहेर येऊन मायला सगळं समजावून सांगितलं, पांढरा भाग कुठे, तपकिरी कुठे. इतकं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

बायोप्सी आली: सीआयएन ३, कॅन्सर दिसला नाही. लीपची तारीख दिलीय. भाऊ विचारतोय, वेचलेल्या कापसाची गाठोडी उचलायला किती दिवसांनी चालेल? आणि एवढं झालं की संपलं ना?

सातपुड्याची_लेक

छान झालं. गाठोडी महिनाभर नाहीत, आणि महिन्यानंतरही रक्त जात असेल तर नाहीत. भावाला सांगा, यंदा वेचायला माणूस लावा.

संपलं मात्र नाही. कापलेला तुकडा पुन्हा लॅबला जातो. त्या रिपोर्टमध्ये 'मार्जिन' शब्द शोधा. कडा मोकळ्या असतील तर उत्तम. कडेपर्यंत बदल असतील तर डॉक्टर लवकर बोलावतील, कधी पुन्हा लीप लागते. कडा मोकळ्या असल्या तरी सहा महिने ते वर्षाच्या आत एचपीव्ही चाचणी, आणि पुढेही बरीच वर्षं ठरावीक काळाने. सीआयएन ३ झालेल्या बाईला इतरांपेक्षा धोका जास्त राहतो.

पांढरं_सोनं

सहा महिन्यांनी म्हणजे ऐन खरिपाची पेरणी. तेव्हा कोणी घर सोडत नाही. आखाजीच्या आसपासची तारीख मागून घ्या, शेतं रिकामी असतात.

सातपुड्याची_लेक

बरोबर बोललात. पंधरा-वीस दिवस इकडेतिकडे झाले तर चालतं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच तसं सांगून तारीख लिहून घ्या.

रिटायर्ड_सिस्टर

स्मिअर, बायोप्सी, लीपचा तुकडा, तिन्ही रिपोर्टच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. एक संच आशाताईंकडे द्या, त्यांच्या वहीत पुढची तारीख तुमच्यासमोर लिहून घ्या. दुसरा वहिनीकडे, तिच्या स्वतःच्या पेटीत. आणि फोन नंबर वहिनीचा द्या, भावाचा नको. तिच्याकडे मोबाईल नसेल तर एक साधा घेऊन द्या, बटणांचा चालतो.